बाईसाहेब माजावर येत नाहीत

११ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

माझं पत्र बघून दचकू नका. घरात सगळे धडधाकट आहेत. आजारी म्हणाल तर फक्त एक गाय, आणि तीही तोंडावरून आजारी दिसत नाही. फोनच केला असता, पण फोन मामंजींच्या खुर्चीला चिकटून ठेवलेला, आणि तुमचं नाव निघालं की ते भरल्या ताटावरून उठतात. कृत्रिम रेतनाच्या सुईवर भरवसा ठेवून तुम्ही वळू विकायला लावलात त्याला चार वर्षं होतील, पण राग कसा काल सकाळचा असावा तसा ताजा. म्हणून हे पत्र गुपचूप. तुमच्या दादांना माहीत आहे, तुमच्या बाबांना नाही.

गाय म्हणजे आपल्या बाईसाहेब. चाल तीच, गोठ्याची तपासणी करायला आल्यासारखी. बसायला जागा खिडकीखालचीच हवी, दुसरी कोणी बसली असेल तर तिला शिंग लावून उठवणार. मागचं वासरू होऊन वर्ष उलटून गेलं. रेतनवाला तीनदा सुई भरून गेला आणि तिन्ही वेळा ती उलटली, गाभ धरलाच नाही. थंडीच्या तोंडाशी शेवटची उलटली तेव्हा तुमच्या दादांनी नाद सोडला. आणि गंमत बघा, त्यानंतर थोड्याच दिवसांत तिने माजावर येणंच बंद केलं. हंबरत नाही, दुसरीच्या पाठीवर चढत नाही, मागून चिकट तार लोंबत नाही. दूध तेवढं उतरत चाललंय.

तुमचे दादा म्हणतात, एप्रिल संपेपर्यंत गाभण राहिली तर ठीक, नाहीतर व्यापाऱ्याला बोलावतो. व्यापारी तिला कुठे नेणार हे मी तुम्हाला सांगायला नको. दादांना वाईट वाटत नाही असं नाही, पण भाकड गाय किती दिवस बांधून ठेवायची हा त्यांचा प्रश्नही खोटा नाही. मामंजींच्या कानावर घातलं तेव्हा मला वाटलं, आता गोठा डोक्यावर घेणार. सासूबाईंच्या गाईची शेवटची लेक ती. त्यांच्यामागे मामंजींनी जीव लावला तो तिलाच. पण ते नुसते "हं" म्हणाले. हल्ली तिला पाणी स्वतः पाजतात, पेंड स्वतः भिजवतात, आणि संध्याकाळी गिरणीवाल्याकडे जाऊन बसतात. तुमचा तो वळू अजून गिरणीवाल्याच्याच दारात आहे, म्हातारा झाला बिचारा, त्याच्याशी गप्पा मारत असतील.

अजून एक. परवा मामंजींनी माझ्याकडे तुमचा पत्ता मागितला. कशाला विचारलं तर "लागेल," एवढंच. वाटणीबिटणीचं काही डोक्यात असेल. मी लिहून दिला, त्यांनी घडी करून चष्म्याच्या घरात ठेवला.

इथला पशुवैद्य नवा आहे, येतो तेव्हा येतो. तुम्हीच एकदा येऊन हात घालून बघितलं असतं तर बरं झालं असतं. तुमच्या खोलीत मात्र पाय ठेवायला जागा नाही. तुम्ही गेलात त्या आठवड्यात मामंजींनी पेंडीची पोती स्वतःच्या पाठीवरून वाहून तिथे रचली, ती तिथेच आहेत. माझ्या खोलीत झोपा.

तुमची
वहिनी

२० फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

येणार नाही. रुसून नाही म्हणत, साधी गोष्ट आहे. "सुईवर एवढा भरवसा असेल तर सुईकडेच राहायला जा," हे बाबांचे शब्द. मी गेले. ते "ये" म्हणतील त्या दिवशी येईन. पत्ता मागितला म्हणतेस, तर एखादी शिवी द्यायची राहून गेली असेल, ती टपालाने पाठवतील.

बाईसाहेबांचं वाचून मात्र जीव खालीवर झाला. ती जन्मली तेव्हा तिच्या नाकातला चिकटा मी बोटाने काढला होता. आई कंदील धरून उभी होती आणि मला म्हणत होती, घाबरू नकोस, ती तुझ्यापेक्षा जास्त घाबरली आहे. तिला व्यापाऱ्याच्या हवाली करू नका. मी सांगते तसं कर.

गाय माजावर येत नाही याची कारणं फार नसतात. एक तर बीजांडं सुस्त पडलेली असतात. नाहीतर बीजांडावर एक पिवळी गाठ ठाण मांडून बसते. ती गाठ असेपर्यंत गाईच्या अंगाला वाटत राहतं की आपण गाभण आहोत, आणि माज येत नाही. गाठ विरघळवायची सुई आहे माझ्याकडे. पण आधी तपासायला हवं. मी जायच्या आधी तुला शिकवलं होतं ते आठवतंय ना? लांब मोजा खांद्यापर्यंत चढव, साबणाचं पाणी भरपूर लाव, आणि घाई करू नकोस. आधी गर्भपिशवीची मान, मग पिशवीची दोन शिंगं, मग बीजांडं. काय लागलं ते जसंच्या तसं लिही. अंदाज लिहू नकोस, अंदाज मी करीन.

खरं सांगायचं तर हल्ली मी फक्त अंदाजच करते. औषधांच्या कंपनीच्या कचेरीत बसून फोनवर लोकांना सांगत असते, कोणती सुई कधी, किती. टेबल चकचकीत, हात स्वच्छ. इथे आल्यापासून एकाही गाईला मी हात लावलेला नाही.

तुझी
धाकटी

४ मार्च

प्रिय वन्सं,

तपासली. बाईसाहेबांनी एक लाथ तुमच्या दादांना दिली, ती त्यांना कुणी द्यायलाच हवी होती, म्हणून मी रागावले नाही.

जसंच्या तसं लिहिते. मान सापडली. तिच्यापुढे पिशवी वर हाताशी नाही, पुढे खाली उतरलेली आहे, पूर्ण हातात येत नाही. उजवी बाजू जास्त मोठी. आत पाणी असल्यासारखी, अर्धवट भरलेली रबराची पिशवी दाबावी तशी. डावं बीजांड लहान, उजवं सापडलंच नाही. वास नाही, बाहेर काही आलं नाही.

मी दादांना म्हटलं, गाभण तर नसेल? ते म्हणाले, हो, वाऱ्याने राहिली असेल. आणि हसत सुटले. खरंच आहे, शेवटची सुई केव्हा भरली आणि त्यानंतर ती उलटलेली आम्ही सगळ्यांनी बघितली. जेवताना दादांनी मामंजींनाही तेच ऐकवलं, बाबा, तुमची गाय वाऱ्याने गाभण राहिली म्हणते तुमची सून. मामंजी हसले नाहीत. घास चावत राहिले आणि पाणी पिऊन उठले. त्यांच्यासमोर तिची थट्टा करायला नको होती, मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तुम्ही म्हणाल ते करू. फक्त औषध तुमच्याकडून आलं हे मामंजींना कळू देणार नाही. गेले काही दिवस घरात जरा शांतता आहे, ती मला मोडायची नाही.

तुमची
वहिनी

१२ मार्च

प्रिय वहिनी,

शाब्बास. तुझा हात माझ्या कचेरीतल्या निम्म्या डॉक्टरांपेक्षा बरा आहे.

आता ऐक. पिशवी मोठी, खाली उतरलेली, आत पातळ काहीतरी, माज बंद. सुई भरलेली नाही म्हणजे गाभण असण्याचा प्रश्नच येत नाही. मग उरतो पू. मागच्या वेळी रेतनवाल्याने धड न धुतलेल्या हाताने काहीतरी आत नेलं असणार. पिशवीत पू साचला की गाईचं अंग फसतं, त्याला वाटतं वासरूच आहे, आणि ते पिवळी गाठ सोडत नाही. बिचारी पुवाला वासरू समजून सांभाळत बसली आहे.

उपाय सोपा आहे. सोबत दोन कुप्या पाठवते. एक मानेत दे. गाठ विरघळेल, पिशवीचं तोंड उघडेल आणि सगळा गाळ दोन-तीन दिवसांत बाहेर येईल. दुसरी लागलीच तर पुढे. मग ती माजावर येईल आणि एप्रिल संपायच्या आत आपण तिला पुन्हा भरवू. व्यापाऱ्याला हात हलवत परत पाठव.

एक काळजी घे. हे औषध कातडीतून आत जातं. तुला दिवस गेले असतील तर कुपीला हातही लावू नकोस, दादाला दे म्हणावं, आणि त्यानेही मोजे घालावेत. गाभण जनावराला दिलं तर गाभ पडतो. बाईसाहेबांना ती भीती नाही, पण बाकीच्या गायींपासून कुप्या लांब ठेव, कुणाची सुई कुणाला बसायला नको.

बाबा गिरणीवाल्याकडे गेले की उरकून टाका.

तुझी
धाकटी

२३ मार्च

प्रिय वन्सं,

आज दिली. मामंजी छत्री घेऊन गिरणीकडे वळले आणि आम्ही दोघं चोरासारखे गोठ्यात शिरलो. तुमच्या दादांनी टोचली, मी शिंगं धरली. माझी काळजी नको, दोन पोरं पदरात आहेत तेवढी पुरेत. बाईसाहेब हलल्यासुद्धा नाहीत. टोचून झाल्यावर मान वळवून माझ्याकडे बघत राहिल्या, मी त्यांना गुळाचा खडा दिला.

मामंजी परत आले ते खुशीत होते. गिरणीवाल्याशी काहीतरी पैज लागली आहे म्हणाले. काय ते सांगेनात. इतक्या दिवसांत त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं.

घाण बाहेर पडली की लगेच लिहिते.

तुमची
वहिनी

१ एप्रिल

प्रिय वहिनी,

काही कळवलं नाहीस. गाळ आला का? रंग कसा, वास कसा, किती? ताप नाही ना? दोन ओळी टाक.

तुझी
धाकटी

९ एप्रिल

वहिनी,

न राहवून घरी फोन केला, तर दादाने उचलला आणि माझा आवाज ऐकून "मग बोलतो" म्हणत ठेवून दिला. काय झालंय? बाबा बरे आहेत ना? गाय गेली असेल तर तसं लिही. मी लहान नाही.

धाकटी

१४ एप्रिल

प्रिय वन्सं,

बाबा बरे आहेत. गायही आहे, अजून. लिहायला बसले आणि उठले असं खूपदा झालं. आज उठायचं नाही असं ठरवलंय.

सुई दिल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी मामंजी पाण्याची बादली घेऊन गोठ्यात गेले. मी चुलीशी होते. बादली खाली ठेवल्याचा आवाज आला आणि मग काहीच नाही. नेहमी ते तिच्याशी बोलत असतात. बराच वेळ आवाज नाही म्हणून मी गेले. ते बाईसाहेबांच्या मागे पेंढ्यात बसले होते आणि मांडीवर खांद्यावरचं पांघरूण. पांघरुणात पू नव्हता, वन्सं. वासरू होतं. मांजराएवढं, अंगावर केस नाहीत, खूर पिवळे आणि मऊ. डोळे मिटलेले. मामंजींनी पांघरूण जरा बाजूला केलं आणि म्हणाले, "कालवड आहे."

तुमचे दादा आले. मामंजींनी त्यांना विचारलं, "हिला काय दिलंत?" दादा म्हणाले, औषध. "कुणी सांगितलं?" दादांनी माझ्याकडे बघितलं. शेवटी मी सांगितलं. मला वाटलं आता आकाश कोसळणार. पण ते खाली बघत म्हणाले, "तिला ठाऊक नव्हतं ना?" मी म्हटलं, नाही, कुणालाच नव्हतं. "मग ठीक," म्हणाले. वन्सं, ते ओरडले असते तर मला सोसलं असतं.

मग सगळं कळलं. थंडीच्या तोंडाशी सुई उलटली तेव्हाच, दादांनी नाद सोडल्यावर, एक दिवस ती पुन्हा माजावर आली. आम्हाला कळायच्या आधी त्यांना कळलं. चरायला नेतो म्हणून ते तिला गिरणीवाल्याच्या मागच्या अंगणात घेऊन गेले. आपल्याच वळूकडे. एकदाच, आणि तेवढ्यात राहिली. म्हणून पाणी स्वतः, पेंड स्वतः. पैज लागली होती ती कालवड की गोऱ्हा याची.

दादा फार ओरडले. मग सांगितलं का नाही, मी तुमच्या ताटासमोर बसून बोललो, तेव्हा तोंड का नाही उघडलं? मामंजी म्हणाले, "पोट दिसायला लागलं की सांगणार होतो. आणि पहिल्यांदा तुम्हाला नाही." पांघरुणाचं गाठोडं उचललं आणि गोठ्यामागे नेऊन पुरलं. दादा कुदळ घेऊन गेले, त्यांना परत पाठवलं.

अजून एक लिहायचं राहिलं आहे, ते माझं आहे. मी तपासलं तेव्हा पिशवीत हाताला काहीतरी टणक लागलं आणि चटकन निसटलं. ते मी तुम्हाला लिहिलं नाही. दादा इतके हसले होते की मला माझ्याच हाताची लाज वाटली. तुम्ही म्हणाला होतात जसंच्या तसं लिही.

वासरामागून बाईसाहेबांचा जार पडायला हवा होता, तो पडला नाही. डॉक्टर येऊन ओढून गेला, निम्मा राहिला. ताप आहे, दूध बंद झालं, खिडकीखाली बसलेल्या उठत नाहीत. दादांनी व्यापाऱ्याला निरोप धाडला आहे. मामंजी आता गिरणीवाल्याकडे जात नाहीत.

तुमची
वहिनी

२० एप्रिल

तीर्थरूप बाबांस,

साष्टांग नमस्कार. हे पत्र तुम्ही न फोडता परत पाठवाल असं वाटतं, तरी लिहिते.

चूक माझी आहे. वहिनीची नाही, दादाची नाही. न बघता, न हात लावता, इतक्या लांबून मी ठरवून टाकलं की तिच्या पोटात पू आहे. वहिनीच्या पहिल्याच पत्रात वळूचा उल्लेख होता. तुम्ही रोज संध्याकाळी तिकडे जाता हेही होतं. मी वाचलं आणि हसून पुढे गेले. सुई भरली नाही म्हणजे गाय गाभण नाही, एवढंच आता माझ्या डोक्यात बसतं. दुसऱ्या कुणी माझ्यासमोर असं केलं असतं तर मी त्याला कचेरीतून हाकलून दिलं असतं.

तुम्हाला मला खोटं पाडायचं होतं हे मला समजतं. सुईने तीनदा जमलं नाही ते वळूने एकदाच करून दाखवलं, हे तुम्ही मला कधीतरी ऐकवणार होतात. ऐकवायला हवं होतं. मी ऐकून घेतलं असतं. जिंकला होतात तुम्ही, बाबा, आणि मी तेही तुमच्याकडून काढून घेतलं.

पण बाईसाहेबांना विकू नका. जार अडकणं, पिशवीला सूज येणं हे बरं होतं. पिशवी धुवायला हवी, ताप उतरवायला हवा, आणि मग तिला काही महिने नुसतं बसू द्यायला हवं. हे पत्राने होण्यासारखं नाही. कागदावरून मी पुन्हा कुठल्याही गाईला औषध देणार नाही. मला स्वतः बघावी लागेल. तुम्ही एक शब्द लिहा, मी त्याच दिवशी निघते. दादाला सांगा, व्यापाऱ्याला तेवढे दिवस थांबवून ठेव.

तुमची
धाकटी

३ मे

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. व्यापारी आदल्या दिवशी येऊन गेला होता. थोरल्याला बोल लावू नकोस. तिचा ताप हटत नव्हता आणि उठली तरी पाय थरथरत होते. मी त्याला अडवलं नाही.

ती ट्रकच्या फळीवर चढत नव्हती. व्यापाऱ्याच्या माणसाने शेपटी पिळायला घेतली तेव्हा मी त्याला बाजूला केलं आणि तिच्यापुढे चालत वर गेलो. मग चढली. माझ्यामागून ती नेहमीच येते. आत खिडकीसारखी एक फट होती, तिथे तोंड करून उभी राहिली. मग मी उतरलो.

सून रोज रडते. तिला तू एक पत्र लिही. तिच्या हाताला कळलं होतं, मला विचारायचं तेवढं राहिलं. विचारलं असतं तरी मी सांगितलं नसतं, हेही तिला लिही.

तू लिहितेस की मला तुला खोटं पाडायचं होतं. गिरणीवालाही तसंच समजत होता. मी त्याला समजू दिलं.

वळूवरून मी तुला बोललो ते चुकलं, हे त्याच दिवशी मला कळलं होतं. पण बापाने बोलावायचं तर काहीतरी निमित्त लागतं. तू घरची डॉक्टर, तुला गाईसाठी बोलावलं असतं तर कुणाचीच मान खाली गेली नसती, माझी नाही आणि तुझी नाही. म्हणून मी ती गाभण राहण्याची वाट बघत होतो. राहिल्यावर पोट दिसायची वाट बघत होतो, मध्येच काही बिनसलं तर तुझी खेप फुकट जायला नको. सुनेकडून पत्ता घेऊन ठेवला. लिहायचं काय तेही ठरवून ठेवलं होतं. एकच ओळ होती. बाईसाहेब गाभण आहे, येऊन हात घालून बघ.

आता ती गोठ्यात नाही आणि मला दुसरी ओळ सुचत नाही.

तुझ्या खोलीत पेंडीची पोती होती. काल मी ती एकेक करून बाहेर काढली. भिंतीला ओल आली आहे, वाळायला थोडे दिवस लागतील.

बाबा